नाताळच्या सुट्टीत ठाणे-नवी मुंबईहून इमॅजिकाला: गर्दीच्या दिवसाचं सविस्तर नियोजन

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. तेव्हापासून ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या घरांमध्ये डिसेंबर उजाडला की मुलांचा हट्ट ठरलेला असतो. हट्ट पुरवताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. गर्दीच्या दिवशी पार्कातले सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. गेट उघडल्यानंतरचे पहिले दीड-दोन तास आणि शेवटचा एक तास हाच खरा दिवस. मधल्या वेळात तितक्याच तिकिटात निम्म्याहून कमी राइड्स होतात. म्हणून खालचं सगळं नियोजन त्या पहिल्या दोन तासांसाठी आहे.

तारीख

नाताळची गर्दी रोज सारखी नसते, कारण शाळांच्या सुट्ट्या सारख्या नसतात. कॉन्व्हेंट, आयसीएसई आणि बऱ्याच सीबीएसई शाळांना २४ डिसेंबरच्या आसपासपासून १ जानेवारीपर्यंत सुट्टी असते. राज्य मंडळाच्या अनेक मराठी शाळांना मात्र एखाद-दोन दिवसच मिळतात. त्यामुळे २५ तारीख, त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबर हे सर्वांत वाईट दिवस. मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजूंची माणसं तेव्हा एकाच ठिकाणी उतरतात. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी येतो, म्हणजे सलग तीन दिवसांची सुट्टी. ते तिन्ही दिवस टाळा. त्याच आठवड्यात जायचं असेल तर सोमवार २८ किंवा मंगळवार २९ घ्या. गर्दी तेव्हाही असेल, पण नोकरदारांचा एक हिस्सा कमी झालेला असेल.

तुमच्या मुलांची शाळा २२-२३ डिसेंबरलाच बंद होत असेल तर तेच दिवस उत्तम. आणि शाळेचा एक दिवस बुडवायची घरात तयारी असेल, तर जानेवारीच्या पहिल्या पूर्ण आठवड्यातला मंगळवार-बुधवार या सगळ्यांहून चांगला. हवा तीच असते, रांगा बऱ्याच लहान असतात.

जायचं की नाही

घरातली मुलं चार वर्षांखालची असतील तर या आठवड्यात इमॅजिकाला जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्या उंचीला चालणाऱ्या राइड्स मोजक्या असतात, आणि एवढ्या लहान मुलाला रांगेत तासभर उभं करणं त्याच्यावर अन्याय आहे. त्यांच्यासाठी नेरूळचं महापालिकेचं वंडर्स पार्क आहे. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, टॉय ट्रेन, मोकळी हिरवळ आणि दुपारच्या झोपेला घरी परत. ठाण्यात मानपाड्याची टिकुजिनीवाडीही जवळ पडते.

तिकीट

तिकीट ऑनलाइनच काढा आणि पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. गर्दीच्या तारखांचे दर वेगळे असतात, त्यामुळे आधी तारीख टाका आणि मगच किंमत पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'नाताळ ऑफर'च्या लिंकवर पैसे भरू नका.

थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क हे तीन वेगळे भाग आहेत. गर्दीच्या दिवशी थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात बसवायच्या फंदात पडू नका. कपडे बदलणं, लॉकर, केस वाळवणं यातच दोन तास जातात. शिवाय डिसेंबरात सूर्य साधारण सहा-सव्वासहाला मावळतो, आणि चार वाजल्यानंतर ओल्या अंगाला वारा बोचतो. वॉटर पार्कच करायचं असेल तर तो दिवस पूर्ण त्यालाच द्या, पाण्यातला मुख्य वेळ ११ ते ३ ठेवा आणि नायलॉनचेच पोहण्याचे कपडे न्या. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. सुती कापड पाणी धरून जड होतं, त्याचे धागे सुटतात आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत अडकतात.

एक्सप्रेस तिकीट, म्हणजे लांब रांग टाळून राइडला जाऊ देणारं जास्त दराचं तिकीट, घ्यावं का? घेण्याआधी दोन ओळी नीट वाचा: ते कोणत्या राइड्सना चालतं, आणि प्रत्येक राइडला एकदाच की कितीही वेळा. २५ तारखेला किंवा शनिवार-रविवारी जात असाल, मुलं दहा वर्षांवरची असतील आणि मोठ्या राइड्ससाठीच जात असाल, तर ते पैसे वसूल होतात. घरात छोट्या राइड्सची मंडळी जास्त असतील तर सगळ्यांसाठी घेऊ नका, फक्त मोठ्या राइड्सवाल्यांसाठी घ्या.

आदल्या दिवशी: उंची मोजा

हे काम सर्वांत जास्त विसरलं जातं आणि सर्वांत जास्त रडारड त्यातूनच होते. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर आडवं पुस्तक धरा, खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. मग संकेतस्थळावरच्या प्रत्येक राइडच्या अटीशी ताडून पाहा. किमान उंचीची अट उगाच नसते. खांद्यावरून येणारा दांडा आणि मांडीवरची पकड ठराविक बांध्यासाठी बनवलेली असते. मूल लहान असेल तर ते बाहेर सरकू शकतं, म्हणून कर्मचारी एका सेंटिमीटरचीही सवलत देत नाहीत, आणि देऊही नये. कोणती राइड यंदा आणि कोणती दोन वर्षांनी, हे मुलाला घरीच सांगा. तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरणं त्याला फार लागतं. पार्कात पोचल्यावरही रांगेत शिरण्याआधी तोंडाशी लावलेल्या पट्टीपाशी एकदा उभं करून घ्या.

गरोदरपण, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर वेगवान राइड्स नाहीत म्हणजे नाहीत.

पिशवीत काय

एका कुटुंबामागे एकच छोटी सॅक. त्यात प्रत्येकासाठी एक कोरडा टी-शर्ट, मुलांसाठी एक पातळ स्वेटर, रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, १०,००० एमएएचची एक पॉवर बँक, ओआरएसच्या दोन पुड्या, चिकटपट्ट्या, टोपी, ओळखपत्र आणि थोडी रोख रक्कम. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. साधी चप्पल पायातून सुटते, आणि काही राइड्सवर ती काढून अनवाणीच बसावं लागतं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी सोडतात. पण पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खायला कोणाची आडकाठी नसते. मेथीचे पराठे, थालीपीठ, गूळपोळी, केळी असं हाताने खाता येईल असं न्या. ही सकाळची न्याहारी आत शिरण्याआधी अर्धा तास उरकली की पहिले दोन तास कोणी 'भूक लागली' म्हणत नाही. रोलर कोस्टरच्या आधी मिसळ किंवा वडापाव मात्र नको. तिखट-तेलकट खाऊन गरगरणाऱ्या राइडमध्ये बसलं की उलटी होते, आणि मग त्या मुलाचा पुढचा अर्धा दिवस बाकावर जातो.

निघण्याची वेळ आणि रस्ता

ठाण्याहून अंतर साधारण ७० किलोमीटर, वाशीहून ५५ ते ६०. एरवी पावणेदोन तास पुरतात. नाताळच्या आठवड्यात तीन तास हातात ठेवा. गेट साडेदहाला उघडणार असेल तर ठाण्याहून सातला आणि नेरूळ-बेलापूरहून साडेसातला गाडी सुरू झाली पाहिजे. नक्की वेळ त्या तारखेच्या तिकिटावर पाहा आणि तिथून उलटं मोजा.

ठाण्याहून दोन वाटा आहेत. पहिली मुलुंड-ऐरोली पूल किंवा कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे, मग सायन-पनवेल मार्गाने कळंबोली. दुसरी मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा, कळंबोली. दुसरी नकाशावर बरी दिसते, पण कंटेनर आणि ट्रेलर तिथेच असतात. एक बंद पडला की वाट अडते. सुट्टीच्या सकाळी पहिलीच घ्या. मुलुंड आणि ऐरोलीच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे तिथला जुना खोळंबा बराच कमी झाला आहे.

कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लागतो. १ एप्रिल २०२५ पासून तिथे फास्टॅग सक्तीचा आहे, नसेल तर दुप्पट टोल. आदल्या रात्रीच शिल्लक तपासा, कारण सकाळी नाक्यावर रिचार्ज करत बसलात तर मागची सगळी रांग अडते. कारसाठी सपाट भागात वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि कॅमेरे लागलेले आहेत.

आता या रस्त्याचं खरं दुखणं. लोणावळ्याकडे निघालेली गर्दी आणि चढावर रांगणारे ट्रक यांनी बोरघाट तुंबला की त्या कोंडीची शेपूट मागे खालापूरच्या दिशेने वाढत येते. म्हणजे घाटात जायचं नसलेले तुम्हीही त्यात अडकता. सुट्टीच्या सकाळी आठनंतर ही शक्यता झपाट्याने वाढते. लवकर निघायचं खरं कारण हेच आहे. खोपोली-पाली रस्त्याकडे उतरायचा एक्झिट दोन-तीन किलोमीटर राहिला की डाव्या लेनला या. चुकलाच तर रिव्हर्स घेऊ नका. पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन परत या, अर्धा तास गेला तरी चालेल.

नकाशावर 'शिळफाटा' शोधताना जपून. खोपोलीतही शिळफाटा आहे, आणि ठाणेकरांच्या बोटाला सवय मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याची. थेट पार्कचंच नाव टाका.

द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यांनी पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने यावं.

लोकलने जायचं तर ठाण्याहून थेट खोपोली लोकल मिळते, पावणेदोन तास धरा. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली हा एकेरी फाटा आहे. त्यावर गाड्या कमी आणि मधलं अंतर मोठं, म्हणून एक लोकल चुकली की सकाळच हातची जाते. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नका. नवी मुंबईकरांना पनवेलहून खोपोलीची एसटी सोयीची. खोपोलीहून पुढे रिक्षा करावी लागते. भाडं बसण्याआधी ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून घ्या.

गेटवर

गाडी लावल्यावर जवळच्या फलकाचा फोटो काढा. रात्री सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. मग त्या दिवशीच्या कपड्यांतला प्रत्येक मुलाचा एक फोटो. मूल चुकलं तर 'निळा शर्ट होता बहुतेक' म्हणण्यापेक्षा फोटो दाखवणं कितीतरी पटींनी कामाचं. मनगटावर बॉलपेनने आईचा किंवा बाबांचा नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर घामाने पुसतो. मुलाला दोनच वाक्यं शिकवा: "जिथे हरवलास तिथेच थांब. गणवेशातल्या ताई-दादांना हात दाखव." शोधत फिरणारं मूल आणि शोधत फिरणारे आईबाबा एकमेकांना चुकवत राहतात. सगळ्यांसाठी एक भेटीची जागा ठरवा, आणि ती गेटजवळ नको, तिथेच सर्वाधिक लोंढा असतो. दुपारी हजारो फोन एकाच टॉवरवर आले की कॉल लागत नाहीत, म्हणून जागेबरोबर वेळही ठरवा.

पहिले दोन तास

गेट उघडलं की बहुतेक माणसं पहिल्या दिसेल त्या राइडपाशी थांबतात आणि फोटो काढतात. तुम्ही थांबू नका. सरळ चालत मोठ्या राइड्सकडे जा. नायट्रो कोस्टर आधी, मग स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप, मग डीप स्पेस. फोटो संध्याकाळच्या उन्हात जास्त चांगले येतात.

हा क्रम का, हे एकदा समजलं की कुठल्याही पार्कात वापरता येतं. रांग किती वेळ घेईल हे माणसांच्या संख्येवर जितकं अवलंबून, तितकंच राइड तासाला किती जण बसवते यावर. समजा एका फेरीला २० जण बसतात आणि दर अडीच मिनिटांनी फेरी सुटते. तासाला २४ फेऱ्या, म्हणजे ४८० माणसं. पुढे २४० जण असतील तर अर्धा तास. आता दुसरी राइड फेरीला १२ जण बसवते आणि फेरी चार मिनिटांची आहे. तासाला १८० माणसं. त्याच २४० जणांना तिथे एक तास वीस मिनिटं लागतील. दिसायला रांग तेवढीच!

म्हणून रांगेत शिरण्याआधी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन फेऱ्यांमधलं अंतर मोजा, फेरीत किती जण बसले ते पाहा, दहा माणसांना किती लांबी लागते ते बघून रांगेचा अंदाज घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. कोस्टरवर एकच गाडी फिरते आहे की दोन, हेही बघा. एकच असेल तर ती परत आल्याशिवाय पुढची फेरी सुटत नाही.

ज्यांना उंच राइड्स नकोत त्यांनी या वेळात लहान मुलांना घेऊन वेगळं व्हावं. सगळ्यांनी मिळून फिरायचा आग्रह गर्दीच्या दिवशी फार महाग पडतो. आजी-आजोबांना एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ओढत नेऊ नका. त्यांना सावलीची जागा आणि भेटीची वेळ द्या.

दोघा पालकांना मोठी राइड करायची असेल आणि सोबत लहान मूल असेल, तर रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच विचारा: "एक जण बसून आला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडाल का?" अनेक पार्कांत ही सोय असते, पण ती आधी विचारणाऱ्यालाच मिळते.

कोस्टरला पुढची रांग की मागची? पुढे बसलं की समोरचं सगळं दिसतं. मागे बसलं की जास्त ओढ जाणवते, कारण गाडीचा पुढचा भाग उतारावर गेलेला असतो आणि शेवटचे डबे शिखरावरून खेचले जातात. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधली जागा द्या.

राइड मध्येच थांबली तर

गर्दीच्या दिवशी हे एकदा तरी होतंच. कोस्टरचा रूळ भागांत विभागलेला असतो आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी असा नियम यंत्रणेतच बसवलेला असतो. कुठल्याही सेन्सरला शंका आली की ती सगळं थांबवते. गाडी वर थांबलेली पाहून लोक घाबरतात, पण ती सुरक्षा यंत्रणा आपलं काम करत असते. आत बसलेल्यांनी दांडा सोडवायची खटपट करू नये, कर्मचारी येईपर्यंत पाठ टेकून बसावं. रांगेतल्यांसाठी साधा हिशेब: आपला नंबर वीस मिनिटांत येणार होता तर थांबा, त्याहून दूर असाल तर निघा. 'आता सुरू होईल' या आशेवर तासभर काढू नका.

दुपार

साडेबारा ते साडेचार रांगा सर्वांत लांब असतात. या वेळात मोठ्या कोस्टरचं नाव काढू नका. बंदिस्त आणि एका वेळी बरीच माणसं आत घेणारे खेळ तेव्हा घ्या, जसे 'आय फॉर इंडिया' किंवा 'रॅथ ऑफ द गॉड्स'. रांग लांब दिसली तरी ती ढिगाने पुढे सरकते आणि उन्हातून सुटका होते.

जेवण पावणेबाराला किंवा पावणेतीनला. एक ते अडीचमध्ये जेवायला गेलात तर आधी टोकनची, मग ताटाची आणि मग टेबलाची अशा तीन रांगा लागतात. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास गरगरणारं काही नको. पाणी दर तासाला प्या. डिसेंबरात घाम जाणवत नाही म्हणून मुलं पीत नाहीत, आणि चारच्या सुमारास डोकं दुखतं म्हणून बसतात.

राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर ही पाण्याची राइड उन्हं असताना, तीनच्या आत करून घ्या. नंतर भिजलात तर कोरडा टी-शर्ट असूनही हुडहुडी भरते. आणि रांगेत मुलांना सांगण्यासारखं: राजासॉरस हा खरा डायनोसॉर आहे, आपल्याच देशातला. त्याचे अवशेष गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं.

संध्याकाळ आणि परत

पाचनंतर लांबची आणि लहान मुलांची कुटुंबं निघू लागतात. पार्कातली परेड (मिरवणूक) असेल तेव्हा निम्मं पार्क तिच्या कडेला उभं असतं. सकाळी राहून गेलेली मोठी राइड त्या वेळी धरा. पार्क बंद होण्याची वेळ आणि एखाद्या राइडची रांग बंद होण्याची वेळ एकच असेल असं नाही, म्हणून दुपारीच त्या राइडवर विचारून ठेवा.

बंद होताच सगळ्या गाड्या एकदम निघतात आणि पार्किंगच्या तोंडाशी अडकतात. एक तर अर्धा तास आधी निघा, नाहीतर गाडीत बसून मुलांचे कपडे बदला, उरलेलं खा आणि चाळीस मिनिटांनी निघा. गाडी चालवणाऱ्याने शेवटच्या तासात राइड्स न करता बसून घ्यावं. दिवसभर चाललेला माणूस रात्री सरळ रस्त्यावर पेंगतो. शेजारच्या सीटवर जागं राहणारं कोणीतरी हवंच. परतीला कळंबोलीनंतर ठाणेकरांनी पुन्हा तुर्भे-ऐरोलीचीच वाट धरावी, कारण रात्री अवजड वाहनं सुटली की मुंब्रा बायपास भरतो. लोकलने परतणाऱ्यांनी खोपोलीहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून ठेवाव्यात आणि शेवटच्या आधीचीच गाडी पकडायची असं ठरवून पार्कातून निघावं.